गवळाऊचा गोठा, माणसांची वस्ती आणि जनुकीय मार्कर: विदर्भातल्या गावात काम कसं करावं

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या एका गावातून मी पहिल्यांदा गवळाऊ या देशी जातीच्या गाईंचे नमुने आणले, तेव्हा आकडा भरला याचाच आनंद मोठा होता. एका सकाळी, एकाच आखरावर (गावची गुरं जमतात ती जागा), २२ गाई. पुढे मार्करचे निकाल हाती आले आणि कळलं की त्यातल्या बहुतेक गाई एकाच बापाच्या आहेत. गावात कित्येक वर्षं एकच वळू फिरत होता. ही गोष्ट गावातल्या लहान पोरालाही माहीत होती; मी कोणाला विचारलीच नव्हती. माझ्याकडे कागदावर २२ नमुने होते, पण त्यांत माहिती पाच-सहा जनावरांपुरतीच होती.

हा लेख त्या चुकीपासूनच सुरू करतो, कारण जनुकीय मार्करचं काम यंत्रापाशी बिघडण्याआधी बहुतेक वेळा गोठ्यात बिघडतं. पशुवैद्यकीय किंवा जीवशास्त्राचे विद्यार्थी, तालुक्याच्या कॉलेजातले शिक्षक, देशी जनावरं राखणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय.

आधी प्रश्न, मग मार्कर

मार्कर म्हणजे डीएनएतली अशी जागा, जिथे एकाच जातीच्या जिवांमध्ये फरक सापडतो आणि तो फरक मायबापाकडून पिल्लाकडे जातो. शिंगाचा आकार किंवा अंगाचा रंग हीसुद्धा खूणच आहे, पण ती फसवू शकते. पूर्णा नदीच्या काठची पूर्णाथडी म्हैस भुरकट-पांढरी असते, तर नागपुरी म्हैस काळी आणि तलवारीसारख्या लांब शिंगांची. रंगाचा फरक मोजक्या जनुकांमुळेही पडू शकतो. त्यामुळे दोन जाती एकमेकींपासून किती दूर आहेत हे रंगावरून ठरत नाही. त्यासाठी जनुकसंचात विखुरलेल्या अनेक जागा तपासाव्या लागतात.

कोणत्या जागा तपासायच्या हे प्रश्नावर अवलंबून आहे, म्हणून प्रश्न एका वाक्यात मराठीत लिहून काढा. ‘गवळाऊचा जनुकीय अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘आर्वी, आष्टी आणि कारंजा या तीन तालुक्यांतल्या गवळाऊत जर्सी-होल्स्टीन या परदेशी जातींचं रक्त किती मिसळलंय?’ हा प्रश्न झाला. ‘गडचिरोली-चंद्रपूरकडची कठाणी आणि वर्ध्याची गवळाऊ यांच्यात किती अंतर आहे?’ हा दुसरा. ‘या गावातल्या बेरारी बकऱ्यांमध्ये जवळच्या नात्यातलं प्रजनन वाढलंय का?’ हा तिसरा.

मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं; त्यांचा स्वतःचा डीएनए फक्त मायकडून येतो. त्यामुळे तो मायघराण्याची गोष्ट सांगतो आणि बापाबद्दल काहीच बोलत नाही. संकरीकरण बहुधा वळूच्या किंवा कृत्रिम रेतनाच्या वाटेनं होतं. म्हणून गाईचा मायटोकाँड्रिया शुद्ध देशी निघाला, तरी तिच्या अंगात निम्मं जर्सी असू शकतं. अभिमानानं ‘आमची गाय शंभर टक्के देशी’ म्हणत असा अहवाल दाखवणारे लोक मला भेटले आहेत, आणि त्यांना हे समजावून सांगणं सोपं नसतं. नराची वाट पाहायची असेल तर वाय गुणसूत्राचे मार्कर घ्या. वशिंडाच्या देशी गोवंशाचं आणि युरोपीय गोवंशाचं वाय गुणसूत्र वेगळं ओळखू येतं.

दोन्हीकडची गोष्ट हवी असेल तर मायक्रोसॅटेलाइट किंवा एसएनपी घ्यायचे. मायक्रोसॅटेलाइटमध्ये डीएनएची दोन-चार अक्षरं एकामागे एक पुन्हा पुन्हा येतात, जसं सीए, सीए, सीए. एका गाईत ती १४ वेळा येतील, दुसरीत १७ वेळा. प्रत्येक जनावराकडे एक प्रत मायची, एक बापाची. जागतिक अन्न व कृषी संघटनेनं गाय, म्हैस, शेळी, मेंढी अशा पाळीव जनावरांसाठी प्रत्येकी ३० मायक्रोसॅटेलाइटची यादी सुचवली आहे. त्याच याद्यांतून मार्कर घेतले तर तुमचे निकाल इतरांच्या निकालांशेजारी ठेवून पाहता येतात.

एसएनपी म्हणजे एकाच अक्षराचा बदल. एका चिपवर हजारो जागा एकदम वाचता येतात. इथे एक अडचण लक्षात ठेवा. गाईंच्या जुन्या प्रचलित ५० हजारी चिपवरच्या जागा मुख्यतः युरोपीय जातींमध्ये फरक दिसला म्हणून निवडलेल्या होत्या. आपल्या गाई त्या चिपवर तपासल्या की त्यांच्यात विविधता कमी असल्याचा भास होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेनं २०२१ साली ‘इंडिगौ’ ही ११,४९६ मार्करांची चिप देशी गोवंशासाठी आणली, ती या दृष्टीनं उपयोगाची आहे. गावपातळीच्या छोट्या प्रकल्पाला मात्र १५ ते ३० चांगले मायक्रोसॅटेलाइट अजूनही पुरतात, असं माझं मत आहे.

एकाच जनुकाची चाचणी आणि विविधतेचा अभ्यास यांत गल्लत नको. दुधाच्या ए-१, ए-२ प्रकाराची चाचणी बीटा-केसीन जनुकात ६७ व्या स्थानी प्रोलीन आहे की हिस्टिडीन एवढंच पाहते. आपल्या देशी गाई बहुतांश ए-२ असतात. त्या निकालावरून जात ठरत नाही आणि शुद्धताही ठरत नाही.

कोणाचा नमुना घ्यायचा

इथे घाई करू नका. एका जातीची किमान २५ आणि जमल्यास ४० जनावरं घ्यावीत, आणि ती एकमेकांच्या नात्यातली नसावीत. एका गोठ्यातून एक, फार तर दोन. ४० जनावरं दोन गावांतून आणण्यापेक्षा १५ गावांतून आणा.

नातं कसं ओळखायचं? विचारून. नोंदवही असेल तिथे ती पाहा, पण बहुतेक ठिकाणी वही नसते. ती गायकीच्या, म्हणजे गावची गुरं चारणाऱ्याच्या, डोक्यात असते. गावचा गायकी कोणती कालवड कोणत्या गोऱ्ह्याची हे बिनचूक सांगतो. त्याच्यासोबत आखरावर तासभर बसा, चहा घ्या. मालकाला विचारलं तर तो गाय कोणाकडून आली ते सांगतो: ‘हे गाय माह्या सासऱ्यानं देल्ली होती, तळेगावहून आणली.’ हे वाक्य तसंच्या तसं लिहून घ्या. गाय सासऱ्याच्या गावची असेल तर ती या गावचं जनुकीय चित्र दाखवत नाही, आणि हुंड्या-आंदणातून जनावरं कुठून कुठे सरकतात हाही अभ्यासाचाच भाग आहे.

बैलबाजारात नमुने घेण्याचा मोह टाळा. तिथे एका जागी शंभर जनावरं मिळतात, पण कोणतं कुठून आलं याचा भरवसा नसतो. पोळ्याचंही तसंच. तोरणाखाली उभ्या राहतात त्या गावातल्या निवडक, देखण्या बैलजोड्या; त्यांवरून अख्ख्या गावाचा अंदाज चुकतो. आणि सणाच्या दिवशी बैलाच्या मानेत सुई खुपसायला जाणं बरं नव्हे. त्या दिवशी फक्त पाहा, मालकांशी ओळख करा, नंतर निवांत जा.

प्रत्येक जनावरासाठी एक पानाचा अर्ज ठेवा. त्यावर गाव, मालक, वय, मादी की नर, रंग, शिंगं, माय-बापाची माहिती, रेतन झालं असल्यास कोणत्या जातीचं, कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक आणि मोबाइलवरून घेतलेलं ठिकाण लिहा. समोरून आणि बाजूनं असे दोन फोटो काढा. नळीवरचा क्रमांक आणि अर्जावरचा क्रमांक एकाच माणसानं, एकाच वेळी, गोठ्यातच लिहायचा. संध्याकाळी घरी बसून लिहू म्हणाल तर नळ्यांची अदलाबदल होणारच.

रक्त, केस आणि विदर्भाचं ऊन

रक्त घ्यायचं तर ते नोंदणीकृत पशुवैद्यकानंच घ्यावं. गाईच्या मानेच्या शिरेतून ५ ते १० मिलिलिटर, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत (ईडीटीए रक्त गोठू देत नाही). हेपॅरिनची नळी वापरू नका. हेपॅरिनही रक्त गोठू देत नाही, पण पुढे पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवताना, अडथळा आणतं. नळी भरली की हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटीपालटी करा, झटकू नका. मग बर्फाच्या डब्यात ठेवा, पण थेट बर्फावर नको. मध्ये कापड किंवा पुठ्ठा घाला.

मे महिन्यात वर्धा-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो. दुचाकीच्या डिकीत दुपारभर राहिलेलं रक्त कामातून गेलं समजा. मी हिवाळ्यातच जातो, तेही सकाळी सातच्या आत, कारण त्यानंतर सगळे कापूस वेचायला जातात आणि घरी कोणी सापडत नाही. चार अंशांवर रक्त काही दिवस टिकतं. त्याहून जास्त ठेवायचं तर उणे २० अंश हवेत.

दूरच्या गावात, वीज जिथे तासन्‌तास जाते तिथे, केस बरे. शेपटीच्या झुपक्यातले २५-३० केस मुळासकट उपटायचे. डीएनए मुळाच्या पांढऱ्या गाठीत असतो, म्हणून कात्रीनं कापलेले केस या कामाला निरुपयोगी. केस कागदी पाकिटात ठेवा. एका पावसाळ्यात आम्ही प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरल्या आणि आठवड्यात सगळ्यांवर बुरशी आली. कागदी पाकीट, आत सिलिका जेलची पुडी, वरून घट्ट झाकणाचा डबा. एवढं केलं की नमुना महिनोन्‌महिने चालतो.

कॉलेज किंवा संस्था म्हणून काम करत असाल तर प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. मालकाची परवानगी तोंडी नको, लेखी घ्या.

प्रयोगशाळेत

हा भाग पुस्तकांतून नीट मिळतो, म्हणून थोडक्यात सांगतो. पेशी फोडायच्या, प्रोटिनेज-के घालून ५६ अंशांवर प्रथिनं पचवायची, मीठ किंवा फिनॉल-क्लोरोफॉर्म वापरून ती वेगळी काढायची आणि थंड अल्कोहोलमध्ये डीएनए खाली बसवायचा. अल्कोहोलमध्ये पांढरे धागे तरंगताना पहिल्यांदा दिसतात तेव्हा विद्यार्थी गप्प होतात, तो क्षण मला अजूनही आवडतो. शुद्धता पाहायला २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर काढा, ते १.८ च्या आसपास हवं. जेलवर डीएनएची एक ठळक पट्टी दिसली पाहिजे. खालपर्यंत धुरासारखं पसरलेलं दिसलं तर डीएनए तुटलाय.

पुढे पीसीआर: ९४-९५ अंशांना दोन धागे सुटतात, साधारण ५५ ते ६० अंशांना प्रायमर (हव्या त्या जागेच्या दोन टोकांना बसणारे डीएनएचे छोटे तुकडे) चिकटतात, ७२ अंशांना नवा धागा तयार होतो, आणि हे चक्र ३०-३५ वेळा चालतं. मायक्रोसॅटेलाइटची लांबी मोजायला केपिलरी यंत्र लागतं. ते तालुक्याला नसतं. नमुने नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठासारख्या किंवा कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोसारख्या संस्थेच्या सहकार्यानं तपासून घ्यावे लागतात.

तीन सवयी सोडू नका. प्रत्येक खेपेत डीएनए नसलेली एक पाण्याची नळी ठेवा. तिच्यात काही उमटलं तर ती खेप फेकून द्या. दहातला एक नमुना क्रमांक बदलून पुन्हा तपासा. आणि एकाच जनावराचा एक संदर्भ नमुना दरवेळी चालवा, म्हणजे या महिन्याची १८२ लांबी आणि पुढच्या महिन्याची १८४ लांबी एकच आहे की वेगळी, हे कळतं.

आकड्यांशी बसणं

संगणकावर जीनअलेक्स, स्ट्रक्चर, प्लिंक असे प्रोग्रॅम मोफत मिळतात. पण एकदा तरी हे गणित कागदावर करा.

समजा एका एसएनपीवर ४० बकऱ्या तपासल्या. १८ मध्ये दोन्ही प्रती ‘अ’, १४ मध्ये एक ‘अ’ एक ‘ब’, आणि ८ मध्ये दोन्ही ‘ब’. एकूण प्रती ८०. ‘अ’ची वारंवारता (३६+१४)÷८० = ०.६२५, ‘ब’ची ०.३७५. १९०८ साली हार्डी आणि वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या नियमानुसार, कळपात वीण नातं न पाहता आपसूक होत असेल तर, मिश्र (एक ‘अ’ एक ‘ब’) बकऱ्यांचं अपेक्षित प्रमाण २×०.६२५×०.३७५, म्हणजे सुमारे ०.४७. प्रत्यक्षात १४÷४० = ०.३५. मिश्र कमी आहेत! तूट निघते १−(०.३५÷०.४७), म्हणजे सुमारे ०.२५.

इथे अनेक जण थेट ‘जवळच्या नात्यातलं प्रजनन’ असं लिहून मोकळे होतात. थांबा. या आकड्यांचा काय-वर्ग (अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतला फरक योगायोगाचा आहे का हे पाहणारी कसोटी) काढला तर तो २.५७ येतो, पाच टक्क्यांच्या पातळीला ३.८४ ओलांडायला हवं. म्हणजे ४० बकऱ्यांत एवढी तूट निव्वळ योगायोगानंही दिसू शकते. एका मार्करवर निकाल देऊ नये, तो यासाठी. ३० पैकी बहुतेक मार्करांवर तूट दिसली तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आणखी दोन शक्यता तपासा. एक, तुम्ही नकळत दोन वेगळे कळप एकाच यादीत टाकलेत. दोन, एखाद्या मार्करवर प्रायमर नीट चिकटत नसल्यानं एक प्रत दिसतच नाही. मग तूट ठरावीक एक-दोन मार्करांवरच दिसते.

दोन कळपांतलं अंतरही असंच काढता येतं. पहिल्या कळपात ‘अ’ ०.६२५, दुसऱ्यात समजा ०.३०. दोन्हीकडचं अपेक्षित मिश्र प्रमाण ०.४६९ आणि ०.४२०, सरासरी ०.४४४. दोन्ही कळप एक मानले तर ‘अ’ ०.४६२५ आणि मिश्र प्रमाण ०.४९७. (०.४९७−०.४४४)÷०.४९७, म्हणजे सुमारे ०.११. याला एफएसटी म्हणतात. शून्य म्हणजे कळपांत फरक नाही, एक म्हणजे पूर्ण वेगळे. ०.११ चा अर्थ, एकूण फरकांपैकी सुमारे ११ टक्के फरक कळपाकळपांमधला आहे, उरलेला कळपांच्या आतला.

स्ट्रक्चरसारखे प्रोग्रॅम जनावरांचे रंगीत गट पाडून देतात. चित्र देखणं येतं, म्हणून त्यावर लवकर विश्वास बसतो. माझ्या त्या २२ गाईंचा असाच एक सुंदर वेगळा गट पडला होता. ती वेगळी जात नव्हती, एका वळूचं कुटुंब होतं.

माणसांचा अभ्यास: तेच गणित, वेगळी जबाबदारी

विदर्भात मार्करचा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरकडे कोणत्याही गावात गेलात तरी कोणाच्या तरी घरात हा शब्द ओळखीचा असतो. बदल एका अक्षराचा आहे: ११ व्या गुणसूत्रावरच्या बीटा-ग्लोबिन जनुकात सहाव्या जागी जीएजीऐवजी जीटीजी. दोन्ही पालक वाहक (बदललेली एकच प्रत असलेले) असतील तर प्रत्येक गरोदरपणी बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. रांगेतलं चौथं मूल असा याचा अर्थ नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्यानं सुरू होतो. गावात हे कवडी-फासे टाकून दाखवा, लगेच कळतं.

गावपातळीवर सोल्युबिलिटी चाचणी ही फक्त चाळणी आहे. ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, आणि सहा महिन्यांखालच्या बाळात भरवशाची नसते. खात्री एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनीच करा. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्याच्या तपासणीशी आपलं काम जोडून घ्या.

अभ्यासकाला एक सावधगिरी सांगतो. दोन समाजांत सिकलसेलचं प्रमाण सारखं आहे म्हणून ते एकमेकांचे नातेवाईक ठरत नाहीत. वाहकाला फॅल्सिपेरम मलेरियापासून काही संरक्षण मिळतं, त्यामुळे मलेरियाच्या प्रदेशात हे जनुक टिकतं आणि वाढतं. नातं पाहायचं तर अशा निवडीखाली नसलेल्या जागा घ्या, किंवा त्या जनुकाच्या आजूबाजूच्या खुणांचा संच पाहा. आपल्याकडे आढळतो तो अरब-भारतीय संच आफ्रिकेतल्या संचांहून वेगळा आहे.

माणसांचा नमुना घेण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून ठेवा. संमतीपत्र मराठीत आहे म्हणून काम झालं असं नाही. माडिया, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या घरात त्याच भाषेत समजावणारं माणूस हवं. ग्रामसभेत आधी बोला, पण ग्रामसभेचा होकार प्रत्येक माणसाच्या होकाराची जागा घेत नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नका.

निकाल घरातल्या मोठ्यांपुढे वाचून दाखवायचा नाही, ज्याचा त्यालाच सांगायचा. मुलगी वाहक आहे हे गावात कळलं की सोयरीक मोडते, आणि मुलाच्या बाजूची तपासणी मात्र कोणी मागत नाही. म्हणून समुपदेशकाशिवाय निकाल वाटू नका.

आणि एक प्रश्न प्रत्येक गावात येतो: ‘सर, याच्यावरून जात पडताळणी होते काय?’ होत नाही. जातीचा दाखला कागदपत्रं आणि कायद्यानं ठरतो. १९७२ मध्ये अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवलं होतं की माणसांमधला सुमारे ८५ टक्के जनुकीय फरक एकेका लोकसमूहाच्या आतच असतो. भारतातल्या २५ समूहांचा २००९ चा अभ्यास सांगतो की जवळपास सगळेच समूह जुन्या मिसळणीतून आले, आणि पुढे आपापल्यात लग्नं करत राहिल्यानं काही आजार एकेका समूहात साठले. हा आजाराशी जोडलेला धागा उपयोगाचा आहे. उच्च-नीचतेचा कुठलाही पुरावा यात नाही, आणि तसा अर्थ काढू पाहणाऱ्याला अभ्यासगटात घेऊ नये.

जंगलातला नमुना

मेळघाट, पेंच, ताडोबाच्या वाघांचा अभ्यास बहुतेक वेळा विष्ठेवरून होतो. वन विभागाच्या परवानगीशिवाय ती उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा तो प्रश्न आहे. त्यातला डीएनए तुटका असतो. म्हणून आधी मायटोकाँड्रियावरून वाघ की बिबट हे ठरवतात आणि मग प्रत्येक मार्कर तीन-चार वेळा वाचतात. अशाच कामातून मध्य भारतातल्या जंगलांना जोडणाऱ्या पट्ट्यांतून वाघ अजून ये-जा करतात, हे कळलं.

गावात परत जाताना

प्रबंध किंवा अहवाल इंग्रजीत जाईल, जाऊ द्या. मालकाला मात्र मराठीत एक पान द्या: तुमच्या गाईचा फोटो, तिच्यात बाहेरच्या रक्ताचा अंदाज आणि तिच्यासाठी कोणत्या गावचा वळू बरा. आर्वीकडच्या त्या गावात मी असं पान घेऊन गेलो तेव्हा गायकी म्हणाला, ‘हे त मी तुमाले तवाच सांगतलं असतं.’ पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी ओळखीच्या एका गावाशी वळूची अदलाबदल केली. आता त्या दोन्ही गावांत जन्मणाऱ्या कालवडींची वही मी गायकीकडेच ठेवली आहे. तो सांगतो आणि त्याची नात लिहिते.